सीडी४, व्हायरल लोड आणि एचआयव्हीचा वेग

उपचार न घेतल्यास एचआयव्हीची लागण झाल्यापासून एड्सपर्यंत पोहोचायला साधारण दहा वर्षं लागतात. ही सरासरी मात्र फसवी आहे. कुणी दोन-तीन वर्षांतच खंगतं, तर कुणी पंधरा वर्षांनंतरही धडधाकट असतं. कुणाच्या वाट्याला काय येणार, हे आधी ओळखायचं कसं?

१९८१ च्या पहिल्या रुग्णांतच टी-हेल्पर पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीला चालना देणाऱ्या पांढऱ्या पेशी, घटलेल्या दिसल्या होत्या. या पेशींवरच्या सीडी४ रेणूला चिकटूनच विषाणू आत शिरतो, हे १९८४ मध्ये कळलं. आजाराचा अंदाज देणारी खूण म्हणून बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन, निओप्टेरिन, पी२४ अँटिजेन असे रक्तातले बरेच घटक तपासून झाले. टिकला सीडी४ चा, म्हणजे रक्तातल्या या पेशींचा, आकडा. १९९३ मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने रक्ताच्या घनमिलिमीटरमागे २०० पेक्षा कमी सीडी४ पेशी असणं एड्सच्या व्याख्येतच घातलं. पण हा आकडा झालेली पडझड सांगतो, पुढचा वेग नाही.

तो वेग सापडला जुन्या, गोठवलेल्या रक्तनमुन्यांत. समलिंगी आणि उभयलिंगी पुरुषांचा 'मॅक्स' हा अभ्यास १९८४ मध्ये अमेरिकेत सुरू झाला. सहभागींचं रक्त दर सहा महिन्यांनी घेऊन साठवलं जाई. रक्तातल्या विषाणूचं प्रमाण, म्हणजेच व्हायरल लोड, नेमकं मोजणारी चाचणी तेव्हा नव्हतीच! ती आल्यावर संशोधक जॉन मेलर्स आणि सहकाऱ्यांनी ते नमुने बाहेर काढले. १९९७ चा त्यांचा निष्कर्ष १,६०४ पुरुषांवरचा होता: मिलिलिटरमागे विषाणूच्या जनुकद्रव्याच्या ५०० पर्यंत प्रती असलेल्यांपैकी ५.४ टक्क्यांना सहा वर्षांत एड्स झाला, ३०,००० च्या वर असलेल्यांपैकी ८० टक्क्यांना. लक्षणं नसलेल्या वर्षांतही विषाणू रोज अब्जावधींनी तयार होतो, हे तोवर सिद्ध झालंच होतं. विषाणुतज्ज्ञ जॉन कॉफिन यांनी आगगाडीचा दाखला दिला: व्हायरल लोड हा गाडीचा वेग, सीडी४ हे अपघातापर्यंतचं उरलेलं अंतर.

वेग सगळ्यांचा सारखा का नसतो, याचं थोडं उत्तर जनुकांत आहे. पेशीत शिरताना विषाणूला सीडी४ सोबत सीसीआर५ हा रेणूही लागतो; त्याच्या जनुकातली ३२ डीएनए-अक्षरं गळालेली प्रत एका पालकाकडून मिळाली तरी आजार संथावतो. एचएलए या प्रतिकारशक्तीच्या जनुकांचे बी५७ आणि बी२७ हे प्रकार असलेल्यांतही तेच, बी३५ असलेल्यांत उलट. लागणीच्या वेळचं वय जितकं जास्त, तितकी घसरण जलद.

२०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने निदान होताच सर्वांना औषधं देण्याची शिफारस केली आणि उपचार कधी सुरू करायचे हे सीडी४ वरून ठरवणं संपलं. तरी उशिरा आलेल्या रुग्णाला संधिसाधू संसर्गाचा, म्हणजे प्रतिकारशक्ती ढासळल्यावर गाठणाऱ्या आजारांचा, धोका किती, हे आजही त्यावरूनच जोखतात. औषधं चालली आहेत का, ते व्हायरल लोड सांगतो.