एका लिटर डिझेलचा हिशोब

गावात लाइट गेली की पंखा थांबतो, पण मोबाइलची रेंज जात नाही. टॉवरच्या पायथ्याशी असलेल्या बॅटऱ्या भार घेतात आणि त्या उतरल्या की जनरेटर धडधडू लागतो. त्या जनरेटरच्या टाकीत किती डिझेल पडलं, याचा हिशोब दूरसंचार नियामक ‘ट्राय’पर्यंत जायला हवा, असं आपल्या देशात ठरलं त्याला आता बरीच वर्षं झाली.

एप्रिल 2011 मध्ये ट्रायने हरित दूरसंचाराविषयी शिफारशी केल्या. तेव्हा देशातले टॉवर वर्षाला सुमारे 200 कोटी लिटर डिझेल जाळत असल्याचा अंदाज होता. जानेवारी 2012 मध्ये दूरसंचार विभागाने कंपन्यांना बजावलं, की 2015 पर्यंत ग्रामीण भागातले निम्मे आणि शहरांतले 20 टक्के टॉवर संमिश्र ऊर्जेवर, म्हणजे ग्रिडच्या विजेला सौर, पवन अशा स्रोतांची जोड देऊन चालवा. शिवाय कार्बन उत्सर्जनाचा तपशील वर्षातून दोनदा ट्रायला द्यायचा होता : सप्टेंबरअखेरचा 15 नोव्हेंबरपर्यंत आणि मार्चअखेरचा 15 मेपर्यंत.

हे उत्सर्जन मोजायला धुराड्याला यंत्र लावत नाहीत. डिझेलची खरेदी आणि विजेची बिलं पुरतात. लिटरभर डिझेलचं वजन साधारण 840 ग्रॅम. त्यातला सुमारे 720 ग्रॅम निव्वळ कार्बन. जळताना कार्बनच्या दर 12 ग्रॅमला हवेतला 32 ग्रॅम ऑक्सिजन येऊन चिकटतो. म्हणून टाकीत किलोभरही न भरणारं डिझेल ओतलं, तरी बाहेर 2.6 किलो कार्बन डायऑक्साइड पडतो.

चांगला जनरेटर लिटरमागे तीनेक युनिट वीज देतो, म्हणजे युनिटमागे जवळपास 900 ग्रॅम. कोळशावर चालणाऱ्या आपल्या ग्रिडचं युनिटही 700 ग्रॅमच्या आसपास आहेच. त्यामुळे डिझेल सोडून ग्रिडवर आलो की काम झालं, असं मला वाटत नाही. मुळात युनिटच कमी लागले पाहिजेत. जुन्या टॉवरखालच्या बंद खोलीत यंत्रं थंड ठेवायला चोवीस तास एसी चालायचा. उघड्या हवेत टिकणारी यंत्रं आली आणि तो एसीच काढून टाकता आला. उन्हाळ्यात अशा खोलीत एसीवर किती वीज जात असेल, ते घरचं मे महिन्याचं बिल पाहणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

हिशोबात एक मोठी फट मात्र राहते. आपल्याकडे बरेच टॉवर वेगळ्या कंपन्यांच्या मालकीचे असतात आणि एकाच टॉवरवर दोन-तीन मोबाइल कंपन्यांची यंत्रं असतात. डिझेल टॉवर कंपनी भरते. मोबाइल कंपनीने फक्त स्वतःच्या खरेदीचा आकडा दिला, तर ती कागदावर स्वच्छ दिसते, धूर तेवढाच राहतो. असा परक्या वहीतला धूर कुणाच्या नावावर कसा मांडायचा, हे एकेका कंपनीवर सोडून चालत नाही. नियामकानेच ते सूत्र घालून द्यावं लागतं.

2017 मध्ये ट्रायने 2011-12 हे आधारवर्ष धरून 2019-20 पर्यंत 30 टक्के आणि 2022-23 पर्यंत 40 टक्के घट सुचवली. मधल्या काळात आपला डेटा वापर कैक पटींनी वाढला. जीबीमागे उत्सर्जन मोजलं, तर एवढ्यानेच आकडा घसरतो, एकूण टन वाढत असले तरी. फ्रान्सच्या ‘आर्सेप’ या नियामकाला डिसेंबर 2021 च्या कायद्याने पर्यावरणविषयक माहिती मागवायचे अधिकार मिळाले आणि ती संस्था चार मोठ्या कंपन्यांचं एकूण उत्सर्जन दरवर्षी लोकांसमोर ठेवते. आपल्याकडेही टॉवर कंपनीचं डिझेल धरून एकूण किती टन, हा आकडा जीबीमागच्या आकड्याशेजारीच छापलेला असावा.