शिकारीची सॅक
शिकारीच्या मोहिमेत सामान, पाणी, हत्यार आणि परतताना मांस पाठीवरून वाहण्यासाठी बनवलेली पिशवी. भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 अन्वये शिकारीला बंदी असल्याने खानदेशात या सॅकचा उपयोग सातपुड्यातील भ्रमंती, वन्यजीव छायाचित्रण आणि पाणवठ्यावरची प्राणिगणना एवढ्यापुरताच उरतो. ब्रिटिश अधिकारी जेम्स आउट्राम 1825 नंतर खानदेशात भिल्ल पलटण उभारत असताना वाघांच्या शिकारीसाठीही गाजला होता. पण त्या काळच्या साहेबाचे ओझे साहेबाच्या पाठीवर नसेच. पडशी किंवा झोळी खांद्याला लावून रानात जाणारी माणसे वेगळी.

स्वतःचे ओझे स्वतः वाहण्याची आधुनिक सॅक अमेरिकेत घडली. डिक केल्टी यांनी 1952 पासून ॲल्युमिनियमच्या चौकटीच्या सॅका विकायला घेतल्या. शिकारीच्या सॅकमध्ये चौकट आणि पिशवी एकमेकींपासून सुटी करता येते, मधल्या जागेत मांस बांधतात. यावल किंवा गौताळा अभयारण्यात हिंडणाऱ्याला ही सोय निरुपयोगी वाटेल, पण पाण्याचा कॅन पाठीलगत आवळायला तीच जागा उत्तम.

निवडताना सॅक किती लिटरची यापेक्षा पाठीची लांबी आधी पाहावी. मान झुकवल्यावर हाताला लागणाऱ्या मणक्यापासून कमरेच्या हाडाच्या कडेपर्यंतचे अंतर ती लांबी ठरवते. माणसाच्या उंचीवरून ती काढता येत नाही. कमरपट्टा त्या हाडावर नीट बसला तर बहुतेक भार कंबर पेलते. दुकानात रिकामी सॅक घालून पाहण्यात अर्थ नाही. आत दहा किलो भरून चालून पाहावे. एका दिवसाला 25 ते 35 लिटरची सॅक पुरते. उन्हाळ्यात जळगाव-भुसावळचा पारा 45 अंशांपलीकडे जातो, तेव्हा माणशी चार लिटर पाणी म्हणजे चार किलो वजन आधीच धरावे लागते.

कापड जाड नायलॉनचे हवे. बाहेरचे जाळीदार खिसे शहरात छान दिसतात. इथे बोरी-बाभळीचे काटे ते फाडतात आणि पावसाळ्यानंतर कुसळे त्यांत रुतून बसतात, ती एकेक उपटावी लागतात. रंग खाकी किंवा मातकट असावा. हरणांना तांबडा-हिरवा फरक फारसा कळत नाही, निळा मात्र चटकन दिसतो. म्हणून अमेरिकेतील अनेक राज्यांत शिकाऱ्यांना, एकमेकांना दिसावे यासाठी, भडक नारिंगी घालण्याची सक्ती करता येते.

खरी कारागिरी आवाज टाळण्याची. बुद्धपौर्णिमेच्या रात्री प्राणिगणनेसाठी मचाणावर बसलेल्याने बिस्किटासाठी व्हेल्क्रोचा खिसा उघडला की चर्र आवाज पाणवठ्यापलीकडे जातो आणि पाण्याला आलेले सांबर मागे फिरते. त्यामुळे व्हेल्क्रो उसवून तिथे गुंडी-फासा शिवून घेतात. चेन ओढायच्या धातूच्या पट्ट्या काढून दोरीचे फासे ओवतात, लोंबणारे पट्टे गुंडाळून इलॅस्टिकने बांधतात, डबा आणि पातेले फडक्यात गुंडाळतात. एवढे काम तालुक्याच्या गावचा सॅक शिवणारा करून देतो. बाहेर पट्ट्यांच्या ओळी लावायच्या तर 25 मिलिमीटर रुंद पट्टी वापरून दर 38 मिलिमीटरवर टाके घ्यायला सांगावे, म्हणजे बाजारातले सुटे खिसे त्यात बसतात. टाके नायलॉनच्या दोऱ्याचेच घ्यावेत.

सॅकमधल्या पाण्याच्या पिशवीतून तोंडापर्यंत येणारी नळी खांद्यावर उघडी ठेवली तर दुपारी पहिला घोट चटका देतो. तिच्यावर सुती कापडाची खोळ चढवून ती अधूनमधून भिजवतात. भाकरी-ठेचा सर्वांत वर आणि वनखात्याचा परवाना सहज हाती येईल अशा वरच्या खिशात ठेवण्याची पद्धत आहे.