सामूहिक हद्दपारी

परवान्याविना आलेल्या किंवा व्हिसाची मुदत संपूनही राहिलेल्या परदेशी लोकांना मोठ्या संख्येने पकडून देशाबाहेर पाठवण्याचे धोरण. आपल्याकडची तडीपारी वेगळी. तिच्यात माणूस जिल्ह्याबाहेर काढला जातो, देशाबाहेर नव्हे. सध्या या धोरणाची सर्वाधिक चर्चा अमेरिकेत आहे. तिथे परवान्याविना राहणारे २०२२ मध्ये सरकारी अंदाजाने सुमारे १ कोटी १० लाख होते.

बेकायदा राहणाऱ्याला परत पाठवण्याचा अधिकार प्रत्येक देशाला आहे. कायदा नुसता कागदावर राहिला, तर वर्षानुवर्षे रांगेत थांबलेल्यांवर अन्याय होतो, हा समर्थकांचा मुद्दा खरा आहे. अडचण येते ती संख्येमुळे आणि घाईमुळे.

अमेरिकेतल्या नेहमीच्या पद्धतीत अटकेनंतर हजर राहण्याची नोटीस मिळते. मग इमिग्रेशन न्यायाधीशासमोर सुनावणी, अपील आणि अंतिम आदेश होतो. त्यानंतर मायदेशाच्या वकिलातीने नागरिकत्व तपासून प्रवासाचा कागद दिला, की विमान. सुनावणीत स्वतःच्या खर्चाने वकील देता येतो, पण सरकार तो पुरवत नाही. २०२४ च्या अखेरीस या न्यायालयांत ३५ लाखांहून अधिक प्रकरणे पडून होती. सप्टेंबर २०२४ अखेरच्या वर्षात प्रत्यक्ष परत पाठवलेले लोक मात्र सुमारे २ लाख ७१ हजार. हे अंतर भरून काढायचे तर सुनावणीलाच कात्री लागते. १९९६ च्या कायद्याने न्यायाधीशाशिवाय, अधिकाऱ्याच्या आदेशाने झटपट परत पाठवण्याची सोय केली. आधी ती प्रामुख्याने सीमेजवळ, नुकत्याच आलेल्यांपुरती वापरली जाई. जानेवारी २०२५ मध्ये ती देशभर, दोन वर्षांपेक्षा कमी राहिलेल्यांना लागू केली गेली आणि वाद न्यायालयात गेला.

चुका होतात त्या ओळख पटवताना, आणि त्या दुरुस्त करणे फार कठीण असते, कारण चूक कळते तेव्हा माणूस दुसऱ्या देशाच्या ताब्यात असतो. मार्च २०२५ मध्ये मेरीलँडमधल्या एका माणसाला एल साल्वाडोरच्या तुरुंगात पाठवले गेले. त्याला त्याच देशात पाठवू नये, असा २०१९ चा आदेश होता. सरकारने चूक मान्य केली, सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या परतीसाठी साहाय्य करण्यास सांगितले, तरी तो परत यायला जून उजाडला. कोठडीतला माणूस शोधणेही सोपे नाही. ऑनलाइन शोधासाठी सरकारने त्या परदेशी माणसाला दिलेला, ‘ए’ अक्षराने सुरू होणारा क्रमांक लागतो. तो नसेल तर नावाचे स्पेलिंग नोंदीशी तंतोतंत जुळावे लागते. एकच आडनाव दोन कागदांवर दोन तऱ्हांनी लिहिलेले असले, की घरच्यांना माणूस सापडत नाही.

हे पहिल्यांदाच घडते आहे असेही नाही. २६ फेब्रुवारी १९३१ रोजी लॉस एंजेलिसच्या ला प्लासिता चौकात वाटा अडवून सुमारे ४०० लोकांना रोखून धरले गेले. त्या दशकात हद्दपारीने किंवा दबावामुळे मेक्सिकोला गेलेल्या लाखोंमध्ये अमेरिकेत जन्मलेले नागरिक मोठ्या संख्येने होते. कॅलिफोर्नियाने त्याबद्दल २००५ मध्ये कायदा करून माफी मागितली. १९५४ च्या हद्दपारीच्या मोहिमेत दहा लाखांवर लोक परत पाठवल्याचा सरकारी दावा होता. इतिहासकार तो फुगवलेला मानतात. शेतांना मजूर हवेच होते, म्हणून त्याच काळात परवाना देऊन मेक्सिकन मजूर आणलेही जात होते.

नैतिक प्रश्न सर्वांत तीव्र होतो तो मुलांबाबत. आई किंवा वडील परवान्याविना राहणारे, पण स्वतः अमेरिकन नागरिक असलेली मुले ४० लाखांहून अधिक आहेत. हद्दपारीचा आदेश पालकाच्या नावे निघतो. देश सोडायचा की पालकाला, हे मात्र मुलाच्या वाट्याला येते. जिवाला धोका असेल तिथे निर्वासिताला परत ढकलू नये, असे १९५१ च्या निर्वासित कराराचे ३३ वे कलम सांगते. तो धोका खरा की नाही, हे सुनावणीशिवाय कळणार कसे?

५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमृतसरला उतरलेल्या अमेरिकी लष्करी विमानात १०४ भारतीय होते, त्यांपैकी ३ महाराष्ट्रातले. प्रवासात त्यांना हातकड्या आणि पायांत साखळ्या होत्या. त्याच वर्षी मुंबई परिसरात मजुरी करणाऱ्या पश्चिम बंगालच्या काही भारतीयांना बांगलादेशी समजून सीमेपार ढकलले गेले. पश्चिम बंगाल सरकारने कागदपत्रे पुढे केल्यावर जूनमध्ये त्यांना परत आणले गेले.