अंदाजाची किंमत : अमेरिकन फुटबॉलमधील खेळाडू निवडीचे गणित

मार्च २०२१मध्ये सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्स या अमेरिकन फुटबॉल संघाने एक मोठा सौदा केला. महिनाभरावर आलेल्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ क्रमाक्रमाने नवे खेळाडू निवडतात त्या वार्षिक निवडीत, बाराव्याऐवजी तिसऱ्या क्रमांकावर खेळाडू निवडता यावा, म्हणून त्याने मायामी डॉल्फिन्सला आपला बारावा क्रमांक, २०२२ आणि २०२३ या दोन्ही वर्षांचे पहिल्या फेरीतील निवडीचे हक्क आणि वर तिसऱ्या फेरीचा एक हक्क देऊन टाकला. तिसऱ्या क्रमांकावर त्याने ट्रे लान्स हा तरुण क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून चढाईची सूत्रे हलवणारा खेळाडू, घेतला. २०२२च्या हंगामात लान्सचा घोटा मोडला, या संघाकडून तो सुरुवातीच्या अकरांत अवघ्या चार सामन्यांत उतरला आणि ऑगस्ट २०२३मध्ये चौथ्या फेरीच्या एका हक्काच्या बदल्यात त्याची डॅलसला रवानगी झाली. दरम्यान याच संघाने २०२२च्या ड्राफ्टमधील अगदी शेवटच्या, म्हणजे २६२व्या, क्रमांकावर ब्रॉक पर्डी याला घेतले होते. फेब्रुवारी २०२४मध्ये संघ सुपर बोल या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला तो पर्डीच्या नेतृत्वाखाली, आणि त्या हंगामात त्याचा मूळ पगार होता ८ लाख ७० हजार डॉलर.

या घटनेवरून संघव्यवस्थापनाला खेळाडू ओळखता येत नाहीत असा निष्कर्ष काढणे सोपे आहे, परंतु तो चुकीचा ठरेल. खेळाडू कोणालाच पूर्णपणे ओळखता येत नाही. खरा प्रश्न असा की, आपला अंदाज किती कच्चा आहे हे ठाऊक असताना त्या अंदाजासाठी किती किंमत मोजावी. दरवर्षी वसंत ऋतूत अमेरिकेत कोणाला विकत घ्यावे आणि कोणाला निवडावे यावर जो वाद रंगतो, त्याच्या मुळाशी हाच संख्याशास्त्रीय प्रश्न आहे.

एनएफएल या ३२ संघांच्या स्पर्धेत खेळाडू मिळवण्याचे दोन मुख्य मार्ग आहेत. मार्चच्या मध्यावर फ्री एजन्सी सुरू होते. करार संपलेल्या आणि किमान चार हंगाम पूर्ण केलेल्या खेळाडूंना तेव्हा कोणत्याही संघाशी वाटाघाटी करता येतात. एप्रिलच्या अखेरीस सात फेऱ्यांचा ड्राफ्ट होतो आणि त्यात आदल्या हंगामातील सर्वांत दुबळा संघ प्रत्येक फेरीत प्रथम निवड करतो. १९९४पासून सर्व संघांना एकसमान वेतनमर्यादा लागू आहे. त्या वर्षी ती ३ कोटी ४६ लाख डॉलर होती, तर २०२४मध्ये ती २५ कोटी ५४ लाख डॉलरवर पोहोचली. या मर्यादेमुळे एका खेळाडूवर जास्त खर्च झालेला प्रत्येक डॉलर दुसऱ्या कोणाच्या तरी वाट्यातून जातो.

फ्री एजन्सीतील धोका अर्थशास्त्रात ‘विजेत्याचा शाप’ या नावाने ओळखला जातो. त्याचे पहिले सविस्तर वर्णन १९७१मध्ये एका अमेरिकन तेलकंपनीतील तीन अभियंत्यांनी केले, तेही मेक्सिकोच्या आखातातील तेलक्षेत्रांच्या लिलावांचा अभ्यास करताना. समजा, एका खेळाडूची खरी योग्यता वर्षाला १ कोटी डॉलर आहे आणि दहा संघांनी तिचा प्रामाणिक अंदाज बांधला. काहींचा अंदाज ८० लाख येईल, काहींचा १ कोटी आणि एखाद्याचा १ कोटी ३० लाख. या सर्व अंदाजांची सरासरी अगदी बरोबर असली, तरी खेळाडू जातो तो सर्वांत जास्त अंदाज बांधणाऱ्याकडे, म्हणजे ज्याची चूक वरच्या दिशेने सर्वांत मोठी असण्याची शक्यता आहे त्याच्याकडेच. आयपीएलच्या लिलावात एकाच खेळाडूसाठी चढत जाणाऱ्या बोली पाहणाऱ्या वाचकांना ही यंत्रणा सहज ओळखता येईल. फ्री एजन्सीत आणखी एक अडचण असते : त्या खेळाडूचे गुडघे, सराव आणि स्वभाव यांची सर्वांत चांगली माहिती त्याच्या जुन्या संघाला असते, आणि नेमका त्याच संघाने त्याला जाऊ दिलेले असते.

ड्राफ्टमध्ये बोली लागत नाही, पण संघ आपापसांत क्रमांकांची अदलाबदल करतात, आणि तिथे किंमत पुन्हा डोके वर काढते. १९९०च्या दशकाच्या प्रारंभी डॅलस काउबॉइज संघाने प्रत्येक क्रमांकाला गुण देणारा एक तक्ता तयार केला, जो प्रशिक्षक जिमी जॉन्सन यांच्या नावाने प्रसिद्ध झाला. त्यात पहिल्या क्रमांकाला ३००० गुण, दहाव्याला १३०० आणि बत्तिसाव्याला ५९० गुण आहेत. हा उतार फार तीव्र आहे, आणि खेळाडूंच्या प्रत्यक्ष कामगिरीचा उतार तितका तीव्र नाही, हे केड मॅसी आणि रिचर्ड थेलर या संशोधकांनी दाखवून दिले. त्यांचा शोधनिबंध २०१३मध्ये प्रसिद्ध झाला. थेलर यांना पुढे २०१७मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. एकाच जागेवर खेळणाऱ्या दोन लागोपाठ निवडलेल्या खेळाडूंपैकी आधी निवडलेला अधिक चांगला निघण्याची शक्यता त्यांच्या आकडेवारीत सुमारे ५२ टक्के आढळली. नाणेफेकीपेक्षा ही फार वेगळी गोष्ट नव्हे. तरीही त्या ‘आधी’साठी संघ पुढच्या वर्षांचे हक्क उधळतात. या वर्षी दुसऱ्या फेरीचा एक हक्क मिळावा म्हणून पुढच्या वर्षीचा पहिल्या फेरीचा हक्क देण्याची प्रथाच पडली होती. अशा सौद्यांमागील व्याजदर वर्षाला १३६ टक्के इतका पडतो, असे या दोघांनी मोजले. एवढ्या व्याजाने कर्ज काढणारा माणूस एकतर अत्यंत अडचणीत असतो किंवा अत्यंत आत्मविश्वासात.

या निष्कर्षाला एक मर्यादा आहे आणि ती महत्त्वाची आहे. मूळ अभ्यासाच्या काळात ड्राफ्टमधील पहिले खेळाडू फार महाग होते. २०१०मध्ये पहिल्या क्रमांकावर निवडलेल्या सॅम ब्रॅडफर्डला सहा वर्षांचा, ७ कोटी ८० लाख डॉलरचा करार मिळाला. २०११मध्ये नवोदितांच्या वेतनाला बंधन आले आणि त्या वर्षी पहिल्या आलेल्या कॅम न्यूटनचा चार वर्षांचा करार सुमारे २ कोटी २० लाखांचा झाला. त्यामुळे वरच्या क्रमांकांचे पगारापुरते ओझे हलके झाले. मात्र त्या क्रमांकापर्यंत पोहोचण्यासाठी दुसऱ्या संघाला द्यावी लागणारी किंमत शिल्लकच राहिली, आणि माझ्या मते बहुतेक चुका आता तिथेच होतात.

एका वरच्या क्रमांकापेक्षा खालच्या क्रमांकांच्या अधिक संधी का हव्यात, हे साध्या संभाव्यतेवरून कळते. एखादा वरचा क्रमांक यशस्वी ठरण्याची शक्यता ६० टक्के आणि खालच्या प्रत्येक क्रमांकाची ४० टक्के धरू. हे आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. खालचे तीन हक्क हाती असतील, तर तिन्ही अपयशी ठरण्याची शक्यता ०.६ × ०.६ × ०.६, म्हणजे सुमारे २२ टक्के येते. अर्थात निदान एक तरी चांगला खेळाडू मिळण्याची शक्यता ७८ टक्के होते.

क्वार्टरबॅकच्या बाबतीत मात्र हे गणित थोडे वेगळे मांडावे लागते, कारण मैदानावर एका वेळी एकच क्वार्टरबॅक असतो आणि तीन साधारण मिळून एक उत्तम होत नाही. २०२३मध्ये क्वार्टरबॅक जो बरोचा नवा करार वर्षाला सरासरी ५ कोटी ५० लाख डॉलरचा झाला. अशा बाजारात नवोदिताच्या पगारावर खेळणारा चांगला क्वार्टरबॅक संघाला कोट्यवधी डॉलर मोकळे करून देतो, म्हणून त्याच्यासाठी वर सरकणे नेहमीच अविचाराचे नसते. २०१७मध्ये कॅन्सस सिटी चीफ्सने २७व्या क्रमांकावरून दहाव्यावर येण्यासाठी पुढच्या वर्षीचा पहिल्या फेरीचा हक्क दिला आणि पुढे कमालीचा यशस्वी ठरलेला क्वार्टरबॅक पॅट्रिक माहोम्स याला मिळवले. पण माहोम्सवरून लान्सच्या सौद्याचे समर्थन होत नाही, तसेच लान्सवरून माहोम्सच्या सौद्याचे खंडन होत नाही. मोजलेली किंमत आणि त्या वेळची शक्यता यांचा मेळ बसत होता का, एवढेच तपासता येते, आणि मायामीला दिलेली किंमत मला तरी त्या कसोटीवर अवाजवी वाटते.

त्याच चीफ्सने मार्च २०२२मध्ये टायरीक हिल हा आपला वेगवान खेळाडू ड्राफ्टच्या पाच हक्कांच्या बदल्यात मायामीला दिला. मायामीने त्याला चार वर्षांसाठी १२ कोटी डॉलरचा वाढीव करार दिला, आणि चीफ्सने पुढचे दोन्ही सुपर बोल जिंकले. फ्री एजन्सी सर्वस्वी टाकाऊ आहे, असेही नाही. चेंडू घेऊन धावणाऱ्या खेळाडूंचे भाव उतरलेले असताना फिलाडेल्फिया ईगल्सने मार्च २०२४मध्ये सॅक्वॉन बार्कलीला तीन वर्षांसाठी ३ कोटी ७७ लाख ५० हजार डॉलरला घेतले. त्याने त्या नियमित हंगामात २००५ यार्ड धाव घेतली आणि संघ विजेता ठरला.

इतके सगळे ठाऊक असूनही संघ महागडे अंदाज का विकत घेत राहतात, याचे उत्तर मला अज्ञानात दिसत नाही. नोकरी जाण्याच्या बेतात असलेल्या जनरल मॅनेजरला तीन वर्षांनंतरच्या पहिल्या फेरीचा हक्क काहीच कामाचा नसतो, कारण तो हक्क त्याच्या जागी येणारा माणूस वापरणार असतो. १३६ टक्के व्याज संघाच्या खात्यातून जाते आणि त्याने विकत घेतलेला एक हंगाम मात्र व्यवस्थापकाच्या पदरात पडतो. म्हणून ड्राफ्टमधील सौद्यांवर वाद घालताना खेळाडूच्या धावण्याच्या वेळेइतकीच त्या व्यवस्थापकाच्या कराराची उरलेली वर्षेही विचारात घ्यावी लागतात.