शिराओईचे ठाणे: शत्रू आलाच नाही

जपानच्या उत्तरेकडच्या होक्काइडो बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या शिराओई गावात गवताने झाकलेले मातीचे तट आणि खंदक आहेत. आतली एकही मूळ इमारत उरलेली नाही. १८५६ मध्ये उभे राहिलेले, जपानच्या मुख्य बेटावरच्या सेंदाई संस्थानच्या सामुराईंचे हे ठाणे. जपानीत अशा ठाण्याला ‘जिन्या’ म्हणतात. बुलंद किल्ला बघायच्या आशेने गेलात, तर हिरमोड ठरलेला.

त्या काळी होक्काइडोला एझो म्हणत. भूमी मूळ रहिवासी ऐनू लोकांची. जपानी अंमल दक्षिण टोकाच्या मात्सुमाए संस्थानाचा. रशियाचा लाक्समान १७९२ मध्ये व्यापार मागायला नेमुरोला आला. पुढे १८०६-०७ मध्ये रशियन अधिकाऱ्यांनी उत्तरेकडच्या साखालिन आणि एतोरोफू बेटांवरच्या जपानी ठाण्यांवर हल्ले केले. ती धास्ती एदोतल्या (आजच्या टोकियोतल्या) शोगुनाच्या, म्हणजे जपानच्या लष्करी शासकाच्या, दरबारातून कधी गेलीच नाही. १८५४ च्या अमेरिकेबरोबरच्या तहाने हाकोदाते बंदर उघडले. १८५५ च्या रशियाबरोबरच्या तहात एतोरोफूपर्यंत जपान, शेजारच्या उरुप बेटापासून पुढे रशिया असे ठरले. साखालिनवर मात्र सीमाच आखली नाही. त्या भूमीवर राहणाऱ्या ऐनूंना कोणी विचारले नाही, हे वेगळे सांगायला नको.

मग शोगुनाने एझोचा बराचसा भाग आपल्या ताब्यात घेतला आणि उत्तरेकडच्या संस्थानांना पहाऱ्याला जुंपले. सेंदाईच्या वाट्याला शिराओईपासून पूर्वेकडे कुनाशिरी-एतोरोफू बेटांपर्यंतचा किनारा आला. मुख्य ठाणे युफुत्सुला बांधा, असा मूळ हुकूम होता. पण सेंदाईचे अधिकारी मियोशी केन्मोत्सु यांनी प्रत्यक्ष पाहणी करून शिराओईचा आग्रह धरला: भोवती टेकड्या, जवळ नदी. १८५६ मध्ये इथे सुमारे १२० माणसांची शिबंदी बसली आणि आक्केशी, नेमुरो व त्या दोन बेटांवर उपठाणी झाली. गावाकडची आठवण म्हणून शिओगामा देवतेचे देऊळ उभारले, सेंदाईहून आणलेले लाल पाइन लावले. त्यातली काही झाडे अजून उभी आहेत, आणि परत न गेलेल्यांच्या कबरीही आहेत.

बारा वर्षांत रशियन जहाज काही चालून आले नाही. ठाणे उठले ते घरच्या भांडणाने. १८६८ च्या यादवीत सेंदाई शोगुनाची सत्ता संपवून आलेल्या नव्या सरकारच्या विरोधात गेले, आणि हाकोदातेत तर त्याच सरकारचे अधिकारी येऊन बसले. कालपर्यंतचे रक्षक आता शत्रुपक्षाचे ठरले. त्यांनी ठाणे सोडून घर गाठले. मियोशींचा या लढाईला विरोध होता. स्वतःच्याच संस्थानाचा रोष ओढवून त्याच वर्षी त्यांनी आत्महत्या केली.

१९६६ मध्ये या जागेला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला, १९८४ मध्ये शेजारी संग्रहालय झाले. ऐनूंचे राष्ट्रीय संग्रहालय असलेले उपोपोय २०२० मध्ये उघडले, तेही याच शिराओईत.