क्लाऊड लिफ्ट आली कुठून?

एशियन स्टाईलचं टेबल, बागेतला बाक किंवा लाकडी गेट करणाऱ्यांच्या कामात एक आडवी पट्टी हमखास दिसते, सरळ जाता जाता मध्येच गोलसर पायरी घेऊन जरा वर उचललेली. हीच क्लाऊड लिफ्ट. मूळ चिनी फर्निचरमधलं, पण आजच्या हौशी सुतारांपर्यंत ती पोचली चार्ल्स आणि हेन्री ग्रीन या कॅलिफोर्नियातल्या आर्किटेक्ट भावांमुळे.

दोघं शाळेतच सुतारकाम शिकलेले, सेंट लुईसच्या मॅन्युअल ट्रेनिंग स्कूलमध्ये, मग एमआयटी, आणि १८९३ मध्ये आईवडिलांकडे पासाडेनाला जाताना वाटेत शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाला थांबले. तिथे जपानने हो-ओ-देन नावाचा मंडप उभारला होता, जपानमधल्या उजी गावच्या फिनिक्स हॉल या जुन्या बौद्ध मंदिरावरून बेतलेला. भावांच्या कामात त्याचा परिणाम लगेच नाही दिसला, त्यासाठी दहाएक वर्षं गेली. त्यांनी पासाडेनात केलेली घरं, १९०७ चं ब्लॅकर हाऊस आणि १९०८ चं गॅम्बल हाऊस बघा, लांब पुढे आलेली वळचण, उघडे ठेवलेले वासे, अंगणात तळं, आणि गॅम्बलच्या दाराला चक्क बर्माचा साग!

फर्निचरचं डिझाईनही त्यांचंच, पण घडवलं पीटर आणि जॉन हॉल या स्वीडनमध्ये जन्मलेल्या भावांनी, आणि माझ्या मते त्यांना हवं तेवढं श्रेय मिळत नाही. टेबलाच्या टोकाला एबनीचे (काळ्या कठीण लाकडाचे) छोटे चौकोनी ठिपके दिसतात ना, ते नुसते शोभेला नाहीत. पावसाळ्यात आपली दारं फुगतात तशी रुंद फळीही हवेप्रमाणे फुगते-आकसते, टोकाला आडवी पट्टी पक्की चिकटवली तर फळी तडकणारच, म्हणून स्क्रू लांबट खाचेत बसवायचा म्हणजे त्याला सरकायला जागा राहते आणि वरून एबनीचं बूच. आज बरेच जण नुसते ठिपके चिकटवतात आणि आतली खाच विसरतात, ते बघून खरंच वाईट वाटतं.

ही घरं फार महाग पडायची, फॅशनही बदलली, १९१६ मध्ये चार्ल्स कॅलिफोर्नियातल्याच कार्मेल गावी निघून गेला. पुढे गॅम्बल कुटुंबाने घर विकायचा विचार केला होता, पण बघायला आलेले लोक आतलं लाकूड पांढरं रंगवायचं बोलायला लागले आणि विक्री तिथेच थांबली. १९६६ मध्ये त्यांनी ते पासाडेना शहराला देऊन टाकलं, आता कोणीही तिकीट काढून आत जाऊन बघू शकतं.