चाकावरची मोकळी जागा आणि गाडीची उंची

चाक आणि त्यावरची मडगार्डची कमान यांच्यामध्ये चार बोटे सहज मावतील इतकी मोकळी जागा आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत असते आणि हौशी मालकाच्या डोळ्यांना नेमकी तीच खुपते. ती कमी झाली की गाडी रस्त्याला धरून बसल्यासारखी, रुंद आणि चपळ भासते. म्हणून बाजारातून आखूड स्प्रिंगा आणून गाडी तीस-चाळीस मिलीमीटर खाली घेण्याची हौस आता मोठ्या शहरांपुरती राहिलेली नाही. या हौसेत वावगे काही नाही. मात्र ती जागा वाया गेलेली नसते. उंचवट्यावरून जाताना चाक जिच्यात वर सरकते ती हीच जागा असल्याने, सस्पेन्शन, म्हणजे चाके आणि गाडी यांमधली स्प्रिंग-शॉकअपची रचना, निवडताना गाडी किती खाली येणार हा दुसरा प्रश्न ठरतो आणि चाकाला वर सरकायला किती वाव उरणार हा पहिला.

एका लहान हॅचबॅकचा हिशेब मांडून पाहू. पुढच्या एका चाकाच्या स्प्रिंगवर गाडीचे २८० किलोग्रॅम वजन आहे, ती स्प्रिंग १ मिलीमीटर दाबायला २० न्यूटन बल लागते आणि गाडी उभी असताना चाकाला वर जायला ८० मिलीमीटर व खाली लोंबायला ९० मिलीमीटर वाव आहे, असे धरू. उभ्या गाडीच्या वजनानेच ही स्प्रिंग सुमारे १३७ मिलीमीटर दबलेली असते आणि गाडीचा तो कोपरा दाबून सोडला, तर तो सेकंदाला साधारण १.३५ वेळा वरखाली होऊ पाहतो. या आकड्याला नैसर्गिक वारंवारता म्हणतात. घरगुती वापराच्या गाड्यांची ही वारंवारता १ ते १.५ यांच्या आसपास ठेवलेली असते, कारण त्याहून जलद हेलकावे शरीराला धक्क्यांसारखे जाणवू लागतात.

आता गाडी ४० मिलीमीटर खाली आणली. वर जाण्याचा वाव ८० वरून ४० मिलीमीटरवर, म्हणजे निम्म्यावर आला. उंचवट्याने चाक वर फेकले जाते तेव्हा स्प्रिंगने सामावून घ्यायची ऊर्जा ही स्प्रिंग जितकी दबेल त्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणून तोच धक्का निम्म्या अंतरात पचवायचा असेल, तर स्प्रिंग दुप्पट नव्हे, चौपट कडक हवी. आपल्या उदाहरणात ती २० वरून ८० न्यूटनवर जाईल आणि वारंवारता २.७ होईल. अशी गाडी शर्यतीच्या मार्गावर शोभेल, पण आजीला दवाखान्यात नेण्यासाठी ती कोणी बाहेर काढणार नाही. त्यामुळे बाजारातल्या लोअरिंग स्प्रिंगा बहुधा मूळ स्प्रिंगेपेक्षा थोड्याच अधिक कडक बनवलेल्या असतात आणि उरलेल्या धक्क्याचा भार बंपस्टॉपवर, म्हणजे शॉकअपच्या (शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या) दांड्यावर ओवलेल्या लवचीक ठोकळ्यावर पडतो. मूळ गाडीत हा ठोकळा क्वचित कामाला येतो, खाली घेतलेल्या गाडीत तो रोजचा होतो. ‘स्प्रिंगा बदलल्यापासून गाडी आदळते’ ही तक्रार पुष्कळदा स्प्रिंगेच्या कडकपणाची नसून बंपस्टॉपशी वारंवार गाठ पडण्याची असते.

याच उदाहरणात एक कमी बोलली जाणारी गोष्ट दडलेली आहे. नवी स्प्रिंग ३० टक्के अधिक कडक, म्हणजे २६ न्यूटनची घेतली, तर गाडीच्या वजनाने ती १३७ ऐवजी १०६ मिलीमीटरच दबेल. कडकपणामुळे गाडी ३१ मिलीमीटर वर उचलली जाणार असल्याने, तिला ४० मिलीमीटर खाली आणण्यासाठी मोकळी स्प्रिंग मूळ स्प्रिंगेपेक्षा ७१ मिलीमीटर आखूड करावी लागते. आता चाक खड्ड्यात पूर्ण लोंबले अशी कल्पना करा. मूळ शॉकअप तसाच असेल, तर चाक उभ्या स्थितीपासून ९० अधिक ४०, म्हणजे १३० मिलीमीटर खाली जाऊ शकते; पण स्प्रिंग मुळात दबलेलीच आहे १०६ मिलीमीटर. उरलेले २४ मिलीमीटर ती आपल्या बैठकीत सैल होऊन खुळखुळते आणि चाक परत वर येताना खाचेत नीट बसली नाही तर तिरकी अडकते. चांगल्या उत्पादकांच्या आखूड स्प्रिंगेत वरचे दोन-तीन वेढे अगदी कमी अंतराने, जवळजवळ चिकटलेले दिसतात, ते याच कारणासाठी: गाडी उभी असताना ते पूर्ण मिटलेले असतात आणि चाक लोंबले की उघडून स्प्रिंगेला बैठकीत धरून ठेवतात. दुसरा उपाय म्हणजे आखूड पल्ल्याचे शॉकअप, जे चाकाला तेवढे लोंबूच देत नाहीत.

म्हणूनच मूळ स्प्रिंगेचा एखादा वेढा कापून गाडी खाली घेण्याचा स्वस्त मार्ग मी कोणालाही सुचवणार नाही. गुंडाळीच्या स्प्रिंगेचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताच्या सम प्रमाणात आणि वेढ्यांच्या संख्येच्या व्यस्त प्रमाणात असतो. बारा मिलीमीटरची तार तेरा मिलीमीटर केली, तर एवढ्या फरकाने स्प्रिंग ३८ टक्के कडक होते. सहा कार्यरत वेढ्यांतला एक कापला, तर २० टक्के. कापलेली स्प्रिंग थोडी कडक होते हे खरे, पण बैठकीत बसण्यासाठी घडवलेले तिचे टोक नाहीसे होते, आणि कापायला गॅसकटर वापरला असेल तर पोलादाला कारखान्यात दिलेले पाणी त्या भागात उतरते व तडा जाण्याची जागा तयार होते. ज्या भागावर घाटातल्या वळणात सगळ्या घराचा जीव टांगलेला असतो, त्यावर अशी बचत करू नये.

स्प्रिंग ऊर्जा साठवते, जिरवत नाही; ते काम शॉकअपमधले तेल बारीक छिद्रांतून जाताना करते. स्प्रिंग ३० टक्के कडक झाली आणि शॉकअप जुनाच राहिला, तर हेलकावे शमवण्याची सापेक्ष क्षमता साधारण १२ टक्क्यांनी घटते. नव्या शॉकअपला हे कदाचित झेपेल. ऐंशी हजार किलोमीटर धावलेल्या आणि आधीच मरगळलेल्या शॉकअपला मात्र ते झेपत नाही, आणि गाडी उंचवट्यानंतर डुलत राहते. तेव्हा खर्चाला मर्यादा असेल, तर महागड्या स्प्रिंगा आणि जुने शॉकअप यांच्या जोडीपेक्षा एकाच उत्पादकाने जुळवून दिलेला मध्यम किमतीचा स्प्रिंग-शॉकअपचा संच केव्हाही बरा.

त्याच्या वरची पायरी कॉइलओव्हरची. यात शॉकअपच्या नळीवर आटे असतात आणि त्यांवर फिरणाऱ्या कड्यावर स्प्रिंग बसते. कडे आवळले की स्प्रिंग कडक होते असा समज फार पसरलेला आहे. सरळ वेढ्यांच्या स्प्रिंगेबाबत तो चुकीचा आहे. स्प्रिंगेचा कडकपणा तार, व्यास आणि वेढे यांनी ठरतो, कडे फिरवल्याने तो बदलत नाही. स्प्रिंगेवर तेच वजन असल्याने ती तेवढीच दबते आणि फक्त गाडी वर उचलली जाते. ज्या कॉइलओव्हरमध्ये उंची केवळ याच कड्याने बदलते, त्यात गाडी खाली घेताना चाकाचा वर जाण्याचा वावही तितकाच घटतो. खालचा कंस नळीवर वेगळा फिरवता येईल अशा रचनेत शॉकअपचा पल्ला कायम राखून उंची कमी करता येते, म्हणून विकत घेताना ही एक गोष्ट आवर्जून विचारावी. तरीही टायर आणि मडगार्ड यांमधली जागा कोणत्याही रचनेने वाढत नाही.

खाली घेतलेली गाडी वळणात कमी कलते, असे आपण गृहीत धरतो. एक टन वजनाची, जमिनीपासून ५५० मिलीमीटरवर गुरुत्वमध्य असलेली आणि डाव्या-उजव्या चाकांत १,४५० मिलीमीटर अंतर असलेली गाडी गुरुत्वत्वरणाच्या निम्म्या जोराने वळली, तर आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सुमारे १९० किलोग्रॅम भार सरकतो. ती ४० मिलीमीटर खाली घेतल्यावर हा भार १७६ किलोग्रॅम होतो. फायदा खरा आहे, पण सात टक्क्यांचाच.

त्याच वेळी एक तोटा पदरात पडतो. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांच्या पुढच्या चाकांना अमेरिकी अभियंता अर्ल मॅकफर्सन यांची रचना असते, जी १९५०च्या फोर्ड कॉन्सल आणि झेफिर या गाड्यांमुळे रूढ झाली. या रचनेत गाडी ज्या काल्पनिक बिंदूभोवती कलते, त्याची जागा खालच्या आर्मच्या, म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या दांड्याच्या, कोनावर अवलंबून असते. गाडी खाली गेली की आर्मचे चाकाकडचे टोक तुलनेने वर जाते आणि हा बिंदू गुरुत्वमध्यापेक्षा झपाट्याने खाली घसरतो. दोघांमधले अंतर वाढल्याने गाडीला कलवणारी तरफ लांबते, म्हणजे स्प्रिंगा मूळ कडकपणाच्याच ठेवल्या तर खाली घेतलेली गाडी वळणात अधिक कलू शकते. शिवाय टायरॉडचा, म्हणजे स्टीअरिंगकडून चाक वळवणाऱ्या दांड्याचा, कोन बदलल्याने चाकांचा टो (वरून पाहिल्यास चाके आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत तो कोन) बिघडतो आणि अलाइनमेंट न केलेल्या गाडीचे टायर आतल्या कडेने काही महिन्यांत झिजतात. तीस मिलीमीटरच्या आत हे परिणाम बहुधा अलाइनमेंटने आवरता येतात. त्यापलीकडे बॉल जॉइंटची, म्हणजे आर्मच्या चाकाकडच्या टोकाच्या सांध्याची, जागा बदलणारे वेगळे सुटे भाग लागू लागतात.

केवळ पुढच्या स्प्रिंगा बदलण्याचाही एक प्रकार आहे. मॉरिस ऑली या ब्रिटिश अभियंत्याने १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला कॅडिलॅकमध्ये पुढेमागे वजने सरकवता येतील अशी एक चाचणी-गाडी बनवून दाखवून दिले होते, की पुढचे सस्पेन्शन मागच्यापेक्षा थोडे मऊ असेल तर प्रवास सुखाचा होतो. उंचवटा आधी पुढच्या चाकांना लागतो. मागची बाजू उशिरा हलू लागली तरी ती जलद हलत असल्याने पुढच्या बाजूला गाठते आणि गाडी होडीसारखी डोलायची थांबते. फक्त पुढची बाजू कडक केली, तर हा मेळच उलटतो.

आता आपल्या रस्त्यांकडे वळू. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार ताशी २५ किलोमीटर वेगासाठीचा गतिरोधक ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच आणि १७ मीटर त्रिज्येच्या कमानीचा असावा लागतो. पुढच्या-मागच्या चाकांत २.४५ मीटर अंतर असलेली हॅचबॅक त्याच्या मधोमध उभी केली, तर दोन्ही चाकेही कमानीवर चढलेली असतात आणि गाडीच्या पोटाखाली रस्ता चाकांच्या तुलनेत फक्त ४४ मिलीमीटर वर येतो. एवढ्याने खाली घेतलेल्या गाडीचेही काही बिघडत नाही. पण गल्लीच्या तोंडाशी रहिवाशांनी घातलेला मीटरभर रुंद आणि १५ सेंटिमीटर उंच डांबरी बांध पोटाखालून जाताना चारही चाके सपाट रस्त्यावर असतात आणि पूर्ण १५० मिलीमीटर उंची गाडीने स्वतःच्या जागेतून द्यावी लागते. रिकाम्या गाडीची १६५ मिलीमीटर उंची चार माणसे बसल्यावर तीस-पस्तीस मिलीमीटरने घटते, म्हणून तर अशा ठिकाणी मूळ उंचीच्या गाडीतूनही माणसे खाली उतरवावी लागतात. त्यातून आणखी ४० वजा केले, तर एकट्या चालकालाही तो बांध ओलांडता येणार नाही. म्हणून माझ्या मते रोजच्या वापराच्या गाडीसाठी इथे २५ ते ३० मिलीमीटर ही शहाणपणाची मर्यादा आहे.

युरोपीय उत्पादकाने डब्यावर छापलेला आकडा तिकडच्या गाडीच्या मूळ उंचीवरून मोजलेला असतो, हेही ध्यानात ठेवावे. भारतासाठी त्याच गाडीची उंची अनेकदा वाढवलेली असते, त्यामुळे तिथली ‘३० मिलीमीटर’ची स्प्रिंग इथे गाडी त्याहून बरीच खाली नेऊ शकते. जर्मनीत अशा स्प्रिंगेबरोबर तपासणी संस्थेचा अहवाल येतो आणि त्यात ती किती एक्सल लोडपर्यंत, म्हणजे पुढच्या किंवा मागच्या चाकांच्या जोडीवरच्या किती भारापर्यंत चालेल, हे लिहिलेले असते. तो आकडा आपल्या गाडीच्या पुढच्या व मागच्या एक्सलशी ताडून पाहिल्याखेरीज पैसे देऊ नयेत. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ने वाहनाच्या मूळ स्वरूपातील बदलांवर बंधने घातलेली आहेत, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये त्यांचा कठोर अर्थ लावला आहे आणि २०१९च्या दुरुस्तीनुसार नियमबाह्य बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. तेव्हा आधी आरटीओकडे आणि विमा कंपनीकडे लेखी विचारणा करावी.

परवानगीचा प्रश्न सुटला, की काम सुरू करण्याआधी चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर टेपने मोजून लिहून ठेवावे आणि काही शे किलोमीटर धावून स्प्रिंगा बसल्यावर पुन्हा मोजून मगच अलाइनमेंट व हेडलाइटचा झोत लावून घ्यावा. मेकॅनिकला एक गोष्ट मात्र समोर उभे राहून सांगावी: खालच्या आर्मच्या रबरी बुशांचे बोल्ट गाडी लिफ्टवर लोंबत असताना पूर्ण आवळायचे नाहीत, तर ती आपल्या चाकांवर, नव्या उंचीवर उभी असताना आवळायचे. नाहीतर ती रबरे कायम पिळलेल्या अवस्थेत राहतात आणि वेळेआधीच फाटतात.